‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ : बाशिंग गुडघ्यावर गेले कसे?

पाटीपेन्सिल

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत एक वाक्य हमखास छापून येते: ‘उमेदवारीसाठी अनेक इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधून बसले आहेत.’ मंत्रिमंडळाच्या विस्ताराची चर्चा सुरू झाली की उमेदवारीच्या जागी मंत्रिपद येते आणि बाकीचे वाक्य तसेच राहते. हा वाक्प्रचार ज्या म्हणीतून निघाला, ती ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण शाळेत ‘अतिशय उतावळेपणाने वागणे’ एवढ्या अर्थासह पाठ करून घेतली जाते आणि विषय तिथेच संपतो. बाशिंग कपाळाला बांधायचे असते, मग म्हणीतल्या नवऱ्याने ते गुडघ्याला का बांधले, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. माझ्या मते त्या ‘का’मध्येच या म्हणीचा खरा अर्थ आहे आणि त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी बाशिंग पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे वर्णन करतो, कारण शहरांतल्या बहुतेक लग्नांत आता केवळ मुंडावळ्या दिसतात. बाशिंग हे नवरानवरीच्या कपाळावर बांधायचे शिरोभूषण आहे. भेंडाची फुले, रंगीत कागद, बेगड, मणी किंवा मोत्यांच्या सरी यांनी ते सजवलेले असते, कपाळावर उभे राहते आणि त्याचे दोरे डोक्यामागे नेऊन गाठ मारतात. पागोटे, शेला, हार या गोष्टी इतर समारंभांतही अंगावर चढतात. बाशिंग मात्र लग्नाचेच, आणि म्हणून ‘याच्या डोक्याला बाशिंग बांधले’ याचा अर्थ ‘याचे लग्न लावून दिले’ एवढाच होतो, तिथे आणखी काही सांगावे लागत नाही.

आता ज्या समारंभात हे बाशिंग बांधतात तो समारंभ पाहा. पारंपरिक मराठी लग्नात सगळा डोलारा क्रमावर उभा असतो. देवक बसल्याशिवाय पुढचे काही होत नाही, हळद लागल्याशिवाय नवरदेव मांडवात येत नाही, मंगलाष्टके संपल्याशिवाय अंतरपाट दूर होत नाही. घड्याळे नव्हती तेव्हा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवत असत. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवली की ती हळूहळू भरत जाते आणि बुडते तेव्हा एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झालेली असतात. अशा ६० घटिकांचा एक अहोरात्र. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार याच वाटीतून आला. कोणी कितीही घाई केली तरी ती वाटी लवकर बुडत नाही, आणि तिच्याकडे डोळे लावून वऱ्हाड, भटजी, वरमाय, वधुपिता असे सगळे थांबलेले असतात.

उतावळेपणाची थट्टा करायला मराठी माणसाने शेतीतला, बाजारातला किंवा लढाईतला प्रसंग न घेता नेमका हा प्रसंग निवडला, याला माझ्या दृष्टीने महत्त्व आहे. ज्या कामात प्रत्येक पावलाला ठरलेली वेळ आणि ठरलेला माणूस आहे, तिथे ज्याला धीर धरवत नाही त्याचे काय होते, हे या म्हणीत दाखवले आहे. केवळ वेगाने काम करणाऱ्याला ती लागू पडत नाही, असे मला वाटते. जाणकारांनी आपापली मते आणि ऐकलेल्या व्युत्पत्तिकथा अवश्य लिहाव्यात.

ओसरी

फार चांगला विषय आहे. या म्हणीची दोन स्पष्टीकरणे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहेत.

पहिले असे की लग्नाची वाट पाहून पाहून नवरदेव उकिडवा बसला आहे, गुडघे छातीशी घेतले आहेत, डोके गुडघ्यांवर टेकले आहे, आणि त्याच स्थितीत त्याने घाईघाईने बाशिंग बांधायला घेतले. कपाळ आणि गुडघा एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे दोरा कशाभोवती गेला ते त्याला कळले नाही आणि बाशिंग गुडघ्याला बांधले गेले. दुसरे असे की ही म्हण बालविवाहाच्या काळातली आहे. नवरदेवच इतका लहान की त्याला लग्न म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी ते एक खेळणेच, म्हणून त्याने हाती आलेले बाशिंग वाटेल तिथे बांधले.

यांपैकी पहिले मला जास्त पटते, कारण त्यात एक चित्र आहे, आणि म्हणी बहुधा चित्रातूनच जन्माला येतात.

कोरा कागद

बालविवाहाच्या स्पष्टीकरणाबद्दल थोडे स्पष्टपणे लिहितो. ते ऐकायला सोपे वाटते, कारण आपल्याकडे बालविवाह खरोखरच सर्रास होत होते. १९२९ साली शारदा कायद्याने मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ वर्षे ही किमान मर्यादा घातली आणि तो कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्याआधी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीचे वय १० वरून १२ वर नेले, तेव्हा पुण्यामुंबईत केवढे वादळ उठले होते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे जुनी म्हण आणि लहानगा नवरा हे जुळवणे कठीण नाही.

पण बालविवाहात उतावळे कोण असते? वडीलधारी मंडळी. आजोबांना डोळे मिटण्याआधी नातसून पाहायची असते, वधुपित्याला मुलगी दहाची होण्याआधी उजवायची असते. त्यात मुलाच्या इच्छेला जागाच नसते आणि जिथे इच्छा नाही तिथे उतावळेपणाही संभवत नाही. म्हणीत तर ‘उतावळा’ हे विशेषण थेट नवऱ्याला लावलेले आहे. ज्याला लग्न म्हणजे काय ते पुरते कळते, ज्याला ते हवे आहे आणि ज्याला थांबवत नाही, असा जाणता नवरा या म्हणीत आहे. अजाण पोराने बाशिंग गुडघ्याला बांधले तर आपण कौतुकाने हसू, त्याच्यावर टीकेची म्हण रचणार नाही.

माळावरची वाट

आमच्याकडे लग्नसराईत बाशिंगे करणारे घर शेजारीच होते, त्यामुळे ही वस्तू जवळून पाहिलेली आहे आणि तिच्या घडणीवरून मला या म्हणीबद्दल काही सांगायचे आहे.

बाशिंगासाठी वापरतात तो भेंड म्हणजे दलदलीत, साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या एका झाडाच्या दांड्याचा आतला गाभा. तो पांढराशुभ्र आणि इतका हलका असतो की हातात घेतला तरी वजन जाणवत नाही. पात्याने त्याची पातळ सलग पट्टी सोलून काढतात, तिच्या पाकळ्या कापतात आणि दोऱ्याने आवळून फूल करतात. बंगालमधला नवरदेवाचा टोपर याच जातीच्या गाभ्याचा असतो, तिकडे त्याला शोला म्हणतात, आणि इंग्रज साहेब उन्हात घालत त्या सोला टोप्याही याच्याच. बैलपोळ्याला आणि बेंदराला बैलांच्या कपाळालाही बाशिंग बांधतात. शिंगांना बेगड, अंगावर झूल आणि कपाळावर बाशिंग असा थाट असतो. देवाच्या लग्नातही ते लागते. थोडक्यात, माणूस असो, बैल असो वा देव असो, बाशिंगाची जागा कपाळ हीच. ती बदलत नाही.

भेंड दाबला की बसतो आणि पुन्हा फुगून येत नाही. नीट वाकवला नाही तर कडेला तुटतो. आता असे बाशिंग गुडघ्याला बांधले आहे अशी कल्पना करा. नवरदेवाला चालायचे आहे, पाटावर मांडी घालून बसायचे आहे, उठायचे आहे, होमाभोवती फिरायचे आहे. गुडघा पहिल्यांदा वाकला की भेंडाची फुले चुरगळणार आणि बेगड फाटणार. न वाकवावा तर नवरदेवाला पाटावर बसता येणार नाही. म्हणजे ज्या विधीसाठी एवढी घाई केली, तो विधी करायला लागताच बाशिंग मोडणार. कपाळ हा शरीराचा असा भाग आहे जो वाकत नाही आणि ज्याला सहसा कशाचा धक्का लागत नाही. नाजूक वस्तू तिथे सुरक्षित राहते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. बाशिंग स्वतःचे स्वतःला बांधता येत नाही. कपाळ आपल्याला दिसत नाही, गाठ डोक्यामागे मारायची असते, आणि एका हाताने बाशिंग सरळ धरून दुसऱ्या हाताने दोरे आवळणे जमत नाही. म्हणून नवरदेव मान खाली घालून बसतो आणि घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस मागे उभे राहून गाठ मारते, समोरचे कोणी ‘थोडे डावीकडे, आता बरोबर’ असे सांगत असते. ज्या माणसाला या सर्वांसाठी थांबायचे नाही, त्याला स्वतःच्या दोन हातांनी, स्वतःच्या डोळ्यांना दिसेल अशा ठिकाणी बाशिंग बांधायचे तर जागा कोणती उरते? डोक्यासारखा गोल, हाताला येणारा, डोळ्यांसमोरचा असा गुडघाच.

पाटीपेन्सिल

माळावरची वाट, आपला प्रतिसाद वाचून मनापासून आनंद झाला. गुडघा ही एकट्याने बाशिंग बांधता येण्याची जागा आहे, हा मुद्दा मी यापूर्वी कुठे वाचलेला नाही, आणि तो मान्य केला की म्हणीतले सारे शब्द आपापल्या जागी नीट बसतात. ‘घाबरून किंवा गोंधळून चुकीच्या जागी बांधले’ असे मानले तर म्हण ‘गोंधळलेला नवरा’ अशी असायला हवी होती. इथे नवरा गोंधळलेला नाही. त्याला काय हवे ते स्वच्छ ठाऊक आहे. इतरांचे हात येईपर्यंत त्याला थांबायचे नाही, एवढाच त्याचा दोष आहे, आणि त्या दोषाची शिक्षा म्हणून बाशिंगाची जागा चुकते.

ओसरी यांनी सांगितलेले उकिडव्या बसण्याचे स्पष्टीकरणही यात सामावून जाते. वाट पाहून कंटाळलेला माणूस तसाच बसतो आणि गुडघे त्याच्या हाताशी येतात. म्हणून या दोन स्पष्टीकरणांत मला विरोध दिसत नाही. बालविवाहाचे स्पष्टीकरण मात्र कोरा कागद यांनी दिलेल्या कारणाने बाजूला ठेवावे लागेल.

लग्न हे एकट्याचे कार्य नाही, ही जाणीव आपल्या भाषेत इतकी खोल आहे की क्रियापदांतही ती दिसते. मराठीत मुलगा लग्न ‘करतो’ तसेच त्याचे लग्न ‘होते’, ‘ठरते’, ‘जुळते’ आणि ‘लागते’. ‘लग्न लागणे’ या प्रयोगात नवरदेव कर्तासुद्धा नाही, कर्तेपण लग्नाकडे आहे आणि लावणारे इतर आहेत. अशा कार्यात जो सगळी सूत्रे स्वतःच्या हाती घेऊ पाहतो त्याच्या हातून जे घडते त्याला या म्हणीने गुडघ्याचे बाशिंग म्हटले आहे.

नदीकाठ

शब्दाच्या बाजूने थोडी भर घालतो. बाशिंग हा शब्द आणि ही वस्तू फक्त मराठी मुलखातली नाही. कन्नडमध्ये ‘बासिग’ किंवा ‘बासिंग’ आणि तेलुगूमध्ये ‘बासिकम’ हे शब्द याच अर्थाने, म्हणजे वधूवरांच्या कपाळावरील भूषण या अर्थाने, आजही चालतात. सीमाभागातल्या लग्नांत दोन्हीकडची माणसे या वस्तूला जवळपास एकाच नावाने ओळखतात. म्हणजे म्हणीतला ‘नवरा’ आणि ‘गुडघा’ जरी सर्वसामान्य असले तरी ‘बाशिंग’ या शब्दामुळे तिची पाळेमुळे दख्खनच्या लग्नात घट्ट रुतलेली आहेत. ‘उतावळा’ हा शब्द मात्र उत्तरेशी आणि पश्चिमेशी नाते सांगतो. हिंदीत ‘उतावला’ आहे, गुजरातीत ‘उतावळ’ आहे, आणि ‘उतावळे आंबा न पाके’ ही गुजराती म्हण तर आपल्यालाही लगेच कळते.

मराठीत बाशिंगावरून आणखी एक शब्द बनला आहे, ‘बाशिंगबळ’. लग्नाचा योग, लग्न जुळून येण्याचे नशीब असा त्याचा अर्थ. एखाद्याचे लग्न वर्षानुवर्षे जुळत नसेल तर ‘त्याचे बाशिंगबळ जड आहे’ असे जुनी माणसे म्हणतात. पाटीपेन्सिल यांच्या मुद्द्याला हा शब्द पुष्टी देतो असे वाटते. बाशिंग कपाळी येणे हे माणसाच्या स्वतःच्या जोरावर अवलंबून नसून त्यासाठी एक वेगळे ‘बळ’ लागते, असा विचार त्यामागे आहे. म्हणीतला उतावळा नवरा ते बळ अनुकूल होण्याचीही वाट पाहत नाही.

दिवेलागण

उतावळेपणावर मराठीत इतर म्हणी पुष्कळ आहेत, पण त्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. अनेक अभ्यासपुस्तकांत त्या ‘समानार्थी म्हणी’ म्हणून एका रांगेत दिलेल्या असतात आणि त्याने नुकसान होते.

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ यात वस्तू अजून घरात आलेलीच नाही आणि तिच्यावरून भांडण जुंपले आहे. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ यात वस्तू न पाहताच तिची किंमत ठरवली जात आहे. ‘पी हळद अन् हो गोरी’ यात उपाय केल्या क्षणी फळ हवे आहे. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ ही केवळ बोलण्यातल्या अविचाराबद्दल आहे. या चारही म्हणींत माणसाची समजूत किंवा अपेक्षा चुकलेली आहे. ‘उतावळा नवरा’ यात समजूत चुकलेली नाही. लग्न ठरलेले आहे, बाशिंग खरे आहे, नवराही खराच आहे. चुकली आहे ती वेळ, आणि वेळेमुळे जागा. त्यामुळे ‘आधी कळस, मग पाया’ हीच एक म्हण तिच्या जवळची मानता येईल, कारण तिच्यातही क्रमच बिघडलेला आहे.

तिची खरी जोडी मला ‘वरातीमागून घोडे’ या म्हणीशी लागते. तीही लग्नातलीच. वरात निघून गेली आणि मग घोडे आणले, म्हणजे वेळ टळल्यावर केलेली तयारी. एका म्हणीत लग्न लागण्याआधीचा उतावळेपणा आहे आणि दुसरीत लग्न लागल्यानंतरचा उशीर आहे. एकाच समारंभाच्या दोन टोकांवर मराठीने दोन खुणा करून ठेवल्या आहेत आणि ज्याने त्याने त्यांच्यामध्ये वागावे अशी अपेक्षा ठेवली आहे. वर्गात शिकवताना या दोन म्हणी शेजारी शेजारी ठेवल्या तर मुलांना दोन्ही पटकन समजतात, हा माझा अनुभव आहे.

लग्नाच्या क्रमावरूनच मोठ्या गोष्टी बोलण्याची आपली परंपरा जुनी आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या तोंडचे म्हणून जे वाक्य महाराष्ट्रात प्रत्येकाला पाठ असते, ‘आधी लगीन कोंढाण्याचे, मग माझ्या रायबाचे’, त्यातही घरात लग्न उभे असताना ते मागे सारणारा बाप आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या लढाईत तानाजी कामी आले. मांडवातून ‘सावधान’ हा शब्द ऐकताच निघून गेलेल्या रामदासांची कथाही सांप्रदायिक परंपरेत सांगितली जाते. एकाने लग्न पुढे ढकलले, दुसरा लग्नातून निघून गेला, आणि म्हणीतल्या तिसऱ्याला अंतरपाट धरेपर्यंत दम नाही. मंगलाष्टकांच्या शेवटी प्रत्येक वेळी ‘सावधान’ म्हटले जाते, त्या शब्दाची सर्वांत जास्त गरज या तिसऱ्यालाच आहे.

विमर्श

संस्कृतातल्या एका प्रसिद्ध श्लोकाची इथे आठवण येणे अपरिहार्य आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीय’ काव्याच्या दुसऱ्या सर्गातला तो श्लोक असा:

सहसा विदधीत न क्रियामविवेकः परमापदां पदम् ।
वृणते हि विमृश्यकारिणं गुणलुब्धाः स्वयमेव सम्पदः ॥

एकाएकी, विचार न करता कोणतेही कृत्य करू नये, कारण अविवेक हे मोठ्या आपत्तींचे स्थान आहे, आणि जो विचारपूर्वक वागतो त्याच्या गुणांवर लुब्ध होऊन संपत्ती आपण होऊनच त्याला वरतात, असा त्याचा अर्थ. प्रसंगही लक्षात घेण्यासारखा आहे. पांडव वनवासात आहेत, ठरलेली मुदत संपलेली नाही, द्रौपदी आणि भीम युधिष्ठिराला आत्ताच युद्ध करण्यासाठी टोचत आहेत, आणि युधिष्ठिर भीमाला हे सांगतो आहे. भीमाचा राग खोटा नाही, युद्धही पुढे व्हायचेच आहे. प्रश्न फक्त वेळेचा आहे. दिवेलागण यांनी वर ‘समजूत चुकलेली नाही, वेळ चुकली आहे’ असे जे लिहिले, ते इथे तंतोतंत लागू पडते.

भारवी जुना कवी आहे. कर्नाटकातल्या ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात कालिदासाबरोबर त्याचे नाव कोरलेले आहे. इतक्या जुन्या श्लोकातही उतावळेपणाच्या विरुद्ध बाजूसाठी कवीने ‘वृणते’ हे क्रियापद घेतले, म्हणजे ‘वरतात’, हे मला विशेष वाटते. तिथेही स्वयंवराचे चित्र आहे. संपत्ती वधूप्रमाणे हाती माळ घेऊन उभ्या आहेत आणि त्या स्वतः निवड करतात. विचारी माणसाने फक्त पात्र होऊन उभे राहायचे आहे, माळ त्याच्या गळ्यात दुसऱ्याच्या हातून पडणार आहे. आपल्या म्हणीतला नवरा याच्या अगदी उलट वागतो. म्हणीचा उगम या श्लोकात आहे असे मला अजिबात सुचवायचे नाही. ही म्हण घरात आणि मांडवात वावरणाऱ्या माणसांनी घडवलेली आहे, तिला कोणा कवीची गरज नव्हती. पण दोन्हीकडे एकच निरीक्षण आहे, हे मात्र खरे.

कोरा कागद

विमर्श यांच्या प्रतिसादाला जोडून एक शंका. आपल्याकडे ‘शुभस्य शीघ्रम्’ हेही तितक्याच आग्रहाने सांगितले जाते, आणि ते तर बहुतेक वेळा लग्नाच्या बोलणीतच ऐकू येते. मग शुभकार्यात त्वरा करावी की थांबावे?

विमर्श

या दोन वचनांत विरोध नाही असे माझे मत आहे. ‘शीघ्र’ आणि ‘सहसा’ हे वेगळे शब्द आहेत. शीघ्र म्हणजे लवकर, सहसा म्हणजे एकाएकी, मागचापुढचा विचार न करता. लग्न ठरवण्यात दिरंगाई करू नये, जवळचा मुहूर्त धरावा, हे शीघ्र झाले. मुहूर्त धरल्यावर त्याच्या आधीच बाशिंग बांधून बसणे हे सहसा झाले. घटिकापात्राचाच दाखला घेऊन सांगायचे तर लवकरचा मुहूर्त काढणे आपल्या हाती आहे, वाटी लवकर बुडवणे नाही. जो कामसू माणूस झपाट्याने पण क्रमाने काम उरकतो त्याला ही म्हण लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

ओसरी

मग मूळ धाग्यातल्या वर्तमानपत्री वाक्याचे काय? ‘उमेदवारीसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसले आहेत’ हा प्रयोग चूक मानायचा का? माझ्या मुलीच्या शाळेत निबंधात तिने ‘आमचा संघ स्पर्धेसाठी गुडघ्याला बाशिंग बांधून सज्ज होता’ असे लिहिले आणि शिक्षिकांनी ते बरोबर धरले. मला ते खटकले, पण नेमके कारण सांगता आले नाही.

पाटीपेन्सिल

या धाग्यावरची चर्चा वाचल्यावर या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे झाले आहे.

उमेदवारीचा प्रयोग मला योग्य वाटतो. उमेदवारी पक्ष देतो, मंत्रिपद मुख्यमंत्री देतात. इच्छुकाने कितीही जोर लावला तरी ती त्याला स्वतःच्या हाताने घेता येत नाही, ती दुसऱ्याच्या हातून, ठरलेल्या वेळी यायची असते. त्याआधीच ज्याने फलक लावले, सत्कार घेतले, प्रचाराचे नियोजन सुरू केले, त्याने खरोखरच आपले बाशिंग आपल्या गुडघ्याला बांधले आहे. नवरदेव आणि बाशिंग यांचे जे नाते आहे तेच इच्छुक आणि उमेदवारी यांचे आहे, म्हणून तिथे म्हण जिवंत राहिली आणि पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. फक्त बातमी लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की या वाक्यात दोषाची छटा आहे. एखाद्याविषयी तटस्थपणे लिहायचे असेल तर ‘इच्छुक आहेत’ एवढेच पुरे.

संघाच्या वाक्यात मात्र म्हण चुकलीच आहे. स्पर्धेची तयारी संघाने स्वतःच करायची असते, ती आधीपासून करायची असते आणि जितकी आधी केली तितकी चांगली. त्यात कोणाची पाळी ओलांडली जात नाही, कोणाच्या हाताची वाट पाहायची राहत नाही. तिथे ‘कंबर कसून सज्ज होता’ हा प्रयोग हवा. कंबर स्वतःची स्वतःला कसता येते, आणि ती आधीच कसायची असते. बाशिंग आणि कंबर यांतला हा फरक मुलीला समजावून सांगितला तर तिला दोन्ही प्रयोग कायमचे लक्षात राहतील, आणि शिक्षिकांशीही या विषयावर मोकळेपणाने बोलता येईल.

आणखी एक प्रयोग अलीकडे दिसू लागला आहे, ‘बाशिंग बांधून उभा’ किंवा नुसतेच ‘बाशिंग बांधले’, आणि तोही उतावळेपणाच्या अर्थाने. गुडघा गाळला की अर्थ पार उलटतो, कारण बाशिंग बांधून उभा असलेला माणूस हा वेळेवर, योग्य रीतीने तयार झालेला नवरदेव आहे आणि त्याच्यात कोणतेच वैगुण्य नाही. म्हण थोडक्यात वापरायची असेल तर ‘उतावळा नवरा’ एवढे म्हणून थांबले तरी चालते, ऐकणारा पुढचे मनात पुरे करतो. बाशिंगाचा उल्लेख करायचा असेल तर गुडघ्याला सोडून चालणार नाही.